मुंबई महापालिका एवढी श्रीमंत, मग राज्य सरकारकडे पैसे का मागते?

कारण हातातला उत्पन्नाचा नळच गेला ना. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर पालिका घ्यायची तो कर, बंद झाली. वर्षाला जवळपास ७ हजार कोटी रुपये मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवरून थेट पालिकेच्या तिजोरीत यायचे, कुणाला विचारायला लागायचं नाही. आता त्याची भरपाई राज्य सरकार महिन्याच्या महिन्याला देतं, कायदा आहे त्यासाठी, पहिला चेक ६४७ कोटींचा होता. पण स्वतः कमावणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसणं वेगळं, माझ्या मते खरं भांडण इथेच आहे.

त्यात ५०० स्क्वेअर फुटापर्यंतच्या घरांना प्रॉपर्टी टॅक्स माफ. माणसांसाठी चांगलंच झालं, चाळीतल्या लोकांना खरंच दिलासा मिळाला, पण ते उत्पन्नही गेलं. ठेवी आहेत म्हणतात, हो आहेत, पण त्यातला बराच पैसा पीएफ, पेन्शन आणि ठेकेदारांच्या डिपॉझिटचा, तो असा उडवता येत नाही.

आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून कित्येक वर्षं कारभार राज्याने नेमलेल्या आयुक्तांकडेच प्रशासक म्हणून होता, मग त्या काळात शहराच्या वतीने सरकारशी भांडणार तरी कोण होतं?