व्यायामातली वाव

प्रश्न असा आहे: दीर्घकालीन आजार असलेल्यांवरच्या नर्सिंग संशोधनासाठी एक प्रश्नावली मराठीत आणायची आहे. त्यात 'फिजिकल ॲक्टिव्हिटी'ला 'व्यायाम' म्हटलं तर चालेल का, आणि 'डेली फंक्शनिंग'ला 'दैनंदिन कार्य'?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचंही नाहीच, पण त्याकडे नंतर.

'तुम्ही व्यायाम करता का?' हा प्रश्न ऐकला की कपाळाला आठी पडते. संधिवाताची एखादी रुग्ण दिवसातून चारदा जिना चढते, फरशी पुसते, ओले कपडे पिळून वाळत घालते आणि या प्रश्नाला 'नाही' म्हणते. ती खोटं बोलत नाही. मराठीत व्यायाम म्हणजे वेळ काढून, ठरवून केलेली गोष्ट; फरशी पुसणं म्हणजे काम. उलट सकाळी पाच मिनिटं मान फिरवून उरलेला दिवस खुर्चीत घालवणारे गृहस्थ छातीठोकपणे 'हो' सांगतात. तक्त्यात बाई बैठ्या ठरतात आणि गृहस्थ सक्रिय. पुढे त्यावर कितीही संख्याशास्त्र चालवा, चूक पहिल्याच शब्दात झालेली असते.

हा फरक १९८५ साली कॅस्परसन, पॉवेल आणि ख्रिस्टेन्सन या संशोधकांनी नेटका मांडला, म्हणून आज सगळे त्यांचा हवाला देतात. स्नायूंमुळे होणारी आणि ऊर्जा खर्च करणारी शरीराची कोणतीही हालचाल ही फिजिकल ॲक्टिव्हिटी. तिच्यातलाच आखलेला, पुन्हापुन्हा केलेला, तंदुरुस्ती टिकवण्या-वाढवण्यासाठीचा भाग तो व्यायाम. छान. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, हेच आहे: 'शरीरचेष्टा या चेष्टा स्थैर्यार्था बलवर्धिनी, देहव्यायामसंख्याता'. म्हणजे शरीराची जी चेष्टा स्थैर्यासाठी असते आणि बळ वाढवते, तिला व्यायाम म्हणायचं. मोठा गट चेष्टेचा, व्यायाम हा त्यातला पोटविभाग. आणि लगेच पुढे 'मात्रया', म्हणजे बेताने, मापाने.

'चेष्टा' हा शब्द आपण वाया घालवला, याचं वाईट वाटतं. संस्कृतात तो हालचाल, धडपड यांसाठी होता. मराठीत त्याची थट्टा झाली, अक्षरशः. 'शारीरिक चेष्टा किती वेळ करता?' असं विचारलं तर रुग्ण उठून जाईल.

आता सुश्रुताशी माझं भांडण आहे. चिकित्सास्थानात तो व्यायामाची व्याख्या 'शरीरायासजननं कर्म' अशी करतो: शरीराला आयास, म्हणजे श्रम, देणारं कर्म. वैद्य म्हणून सुश्रुत मोठा, पण या व्याख्येने पुढच्यांना एक खोड लागली. व्यायाम म्हणजे 'वि + आयास', घाम निघालाच पाहिजे, असं सांगणारे आजही भेटतात. मूळ धातू 'यस्' नाही, 'यम्' आहे. वि + आ + यम्: लांबवणे, ताणणे, पसरणे. प्राणायामातला 'आयाम' तोच. (हल्ली प्रत्येक गोष्टीला 'नवे आयाम' मिळतात, तेही त्याच ताणाताणीतून.) व्यायामात आधी पसरणं आहे, घाम आला तर आला.

आणि इथेच खरी गंमत आहे. 'व्यायाम'चा सख्खा भाऊ 'व्याम'. दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक व्याम. अर्थशास्त्रात कौटिल्य त्याची लांबी ८४ अंगुळं देतो, दोर मोजायला आणि खोदकामाची खोली मोजायला. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसंच व्यामचं वाव झालं. दोर वावेने मोजायचा, पाण्याची खोली वावेत सांगायची. म्हणजे व्यायाम आणि वाव एकाच घरातले, एक पोथीतला, दुसरा दोरखंडावरचा.

आता माझं मत. 'सुधारणेला वाव आहे' म्हणतो तो 'वाव' याच हातांचा आहे. हात पसरायला जितकी मोकळी जागा, तितका वाव. मापाची वाव स्त्रीलिंगी आणि संधीचा वाव पुल्लिंगी, एवढ्यावरून ज्यांना हे दोन वेगळे शब्द वाटतात त्यांनी थोडं थांबावं. अर्थ सरकताना लिंग बदलणं ही मराठीत काही नवलाची गोष्ट नाही.

हे सगळं शब्दांचं खूळ वाटत असेल, तर वाव आजही दवाखान्यात मोजली जाते, हे लक्षात घ्या. पाठीला बाक आलेल्या किंवा उभंच राहता न येणाऱ्या रुग्णाची उंची पट्टीवर घेता येत नाही, आणि उंचीशिवाय फुफ्फुसांच्या चाचणीतला अपेक्षित आकडा निघत नाही, शरीराच्या वजनाचा निर्देशांकही (बीएमआय) निघत नाही. मग हात पसरून लांबी घेतात. दोन्ही हात पसरणं जमत नसेल तर निम्मी घेतात: छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत. हिला मी बिनदिक्कत 'अर्धी वाव' म्हणेन. हात खांद्याच्या पातळीत, तळवा समोर, मनगट सरळ. कोपर जरासं वाकलं की माप कमी भरतं, आणि खांदा आखडलेला असेल तर दुसऱ्या बाजूने घ्यायचं. स्त्रियांसाठी अर्धी वाव सेंटिमीटरमध्ये घेऊन १.३५ ने गुणायची आणि ६०.१ मिळवायचे, पुरुषांसाठी १.४० ने गुणून ५७.८. अर्धी वाव ७४ सेंटिमीटर असलेल्या स्त्रीची उंची साधारण १६० निघते.

असो. प्रश्नावलीकडे. 'शारीरिक हालचाल' लिहा, आणि एकवचनात लिहा. 'हालचाली' म्हटलं की पोलिसांची नजर असल्यासारखं वाटतं. 'क्रियाकलाप' नको, कलाप म्हणजे मोराचा पिसारा, आणि तो शब्द बोलताना कुणाच्या तोंडी नसतो. 'क्रियाशीलता' हा स्वभावाचा गुण वाटतो. हालचाल लिहून मात्र थांबू नका, लगेच उदाहरणं द्या: घरकाम, कामावरची उठबस, कुठे जाण्यायेण्यासाठी चालणं, आणि शेवटी व्यायाम. व्यायाम पहिला लिहिलात तर बाकीचं कुणी ऐकत नाही.

'गेल्या आठवड्यात' हाही सापळा आहे. काहींसाठी तो मागचा सोमवार ते रविवार, काहींसाठी आजपासून मागे सात दिवस. 'गेल्या ७ दिवसांत, आजचा दिवस सोडून' असं स्पष्ट लिहा. 'किती वेळ?' याच्याआधी 'त्यातल्या एका दिवशी' हे शब्द हवेतच. पाच दिवस रोज ३० मिनिटं चालणारा माणूस आठवड्याची बेरीज करून १५० सांगतो, ती पुन्हा दिवसांनी गुणली जाते, आणि आकडा पाचपट होतो. चालण्याला ३.३ मेट (म्हणजे स्वस्थ बसल्यावर खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या ३.३ पट) धरले तर ४९५ मेट-मिनिटांच्या जागी २,४७५ येतात. 'मध्यम हालचाल' म्हणजे काय, हे तर रुग्णाला शब्दाने कळतच नाही. 'बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागतो' असं लिहिलं की कळतं. सुश्रुताने (इथे त्याचं श्रेय त्याला) अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम करावा असं सांगून खूणही दिली आहे: श्वास तोंडाशी येऊ लागला की थांबा.

'डेली फंक्शनिंग' राहिलंच. 'दैनंदिन कार्य' वाचून सभेचा अजेंडा आठवतो. व्यायामाने काय मिळतं ते सांगताना चरक 'कर्मसामर्थ्य' हा शब्द वापरतो. प्रबंधाच्या शीर्षकाला तो चालेल. रुग्णाला 'रोजची कामं' म्हणा. मात्र 'करता' की 'करू शकता', हे आधी ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेचं कार्यक्षमता आणि अपंगत्वाबद्दलचं २००१ चं वर्गीकरण क्षमता आणि प्रत्यक्ष करणं वेगळं ठेवतं. रोजच्या कामांतलं स्वावलंबन गुणांत मोजणारा १९६५ चा बार्थेल निर्देशांक रुग्ण प्रत्यक्षात काय करतो ते नोंदण्यासाठी वापरायचा असतो, त्याला काय जमेल ते नोंदण्यासाठी नाही. जिना एकट्याने चढला तर १०, मदतीने ५, नाहीच तर ०. सोबत नुसतं लक्ष ठेवायला कुणी उभं असेल तरी ती मदतच. त्याच्या अनुवादात 'जिना चढू शकता का?' लिहिलंत तर तुम्ही दुसरंच काहीतरी मोजताय.

आणि मराठीकडे यात तिसरी पायरीही आहे, जिच्याकडे अनुवादक ढुंकूनही पाहत नाहीत: शक्य क्रियापद. 'मला चालता येत नाही' आणि 'मला चालवत नाही' ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात पाय, सांधा किंवा नस अडते. दुसऱ्यात पाय शाबूत असतात, त्राण नसतं. 'बघवत नाही' म्हणणारा आंधळा नसतो, तसंच. हृदय कमजोर झालेला किंवा फुफ्फुसांच्या जुनाट आजाराने दमलेला रुग्ण बहुधा 'चालवत नाही' म्हणतो, आणि मुलाखत घेणारा 'चालता येत नाही' या चौकटीत खूण करून मोकळा होतो. हा प्रयोग नकारातच जास्त रुळलेला आहे, म्हणून 'चालवतं का?' असं न विचारता 'चालवत नाही असं गेल्या ७ दिवसांत किती दिवस झालं?' असं विचारा, आणि त्यासाठी वेगळी चौकट ठेवा.