जपानी अ‍ॅनिमेशनपट कलेच्या बाबतीत अमेरिकेच्या पुढे आहेत, हे खरं आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जपानी अ‍ॅनिमेशनपटांचं एवढं कौतुक खरोखर कलेमुळे होतं की नुसत्या नवलाईमुळे, ही एक; आणि डिस्ने-पिक्सार बघत वाढलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी, ही दुसरी.

सरसकट पुढे आहेत असं मी म्हणणार नाही. चित्रात जीव ओतण्याच्या कसबात अमेरिकन कलावंत तसूभरही कमी नाहीत. पण अ‍ॅनिमेशनमधून काय सांगायचं आणि कुणाला सांगायचं, याची हद्द जपानच्या मोजक्या दिग्दर्शकांनी फार लांब नेली. आणि माझ्या मते त्यांची खरी झेप भव्य, अद्भुत दृश्यांत नाही. ती अगदी साध्या गोष्टींकडे टक लावून बघण्यात आहे.

एकच प्रसंग सांगतो. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा १९९१ चा 'ओन्ली यस्टरडे'. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून यामागाता भागातल्या खेड्यात करडईची फुलं वेचायला जाते. (हो, आपलीच करडई. आपण तिचं तेल काढतो, तिथे पाकळ्यांपासून लाल रंग काढतात.) या प्रवासात तिला पाचवीतली ताएको आठवत राहते, १९६६ सालची. एके दिवशी घरात अख्खा अननस येतो. तोवर सगळ्यांना माहीत असतो तो डब्यातला. कापायचा कसा, कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तो तसाच ठेवून देतात. मग थोरली बहीण कापायची रीत विचारून येते आणि रविवारी सगळं घर त्याच्याभोवती जमतं. वास घेऊन होतो, फोडी वाटल्या जातात, पहिला घास. आणि कुणीच काही बोलत नाही. कडक आहे, म्हणावा तसा गोड नाही. एकेक जण आपली फोड बाजूला सारतो. बहिणी त्यापेक्षा केळंच बरं म्हणतात, आणि ताएको हट्टाने सगळ्यांच्या फोडी खात बसते.

संपला प्रसंग. खलनायक नाही, विनोदी प्राणी नाही, गाणं नाही. जिची इतकी वाट पाहिली ती गोष्ट हाती आल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो, एवढंच ताकाहातांना दाखवायचं आहे, आणि त्यासाठी ते आपल्याला थांबवून ठेवतात. लहानपणीची दृश्यं फिक्या जलरंगात आहेत, कडांशी कागद पांढराच सोडलेला, आठवण जेवढी शिल्लक तेवढंच चित्र. मोठ्या ताएकोच्या चेहऱ्यावर मात्र हसताना गालाचे स्नायू उठून दिसतात. त्यासाठी त्यांनी संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि चेहरे त्या बोलण्याबरहुकूम काढून घेतले. गंमत बघा, ही पद्धत अमेरिकेची. जपानमध्ये बहुतेकदा चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर चढवतात. म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या इतक्या धाडसी प्रयोगामागे डिस्नेच्या परंपरेतलंच तंत्र आहे.

या चित्रपटात शाळकरी मुलींची मासिक पाळी, वर्गातली कुजबुज, बापाने एकदाच मारलेली थप्पड असं सगळं आहे. त्या वर्षी जपानमध्ये सर्वाधिक कमाई करणारा जपानी चित्रपट हाच होता. अमेरिकेतल्या थिएटरांत तो लागायला २०१६ उजाडलं.

असं का व्हावं? मला सगळ्यात मोठं कारण प्रेक्षक वाटतो. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारी मुलं मोठी झाली तरी मांगा वाचतच राहिली आणि त्यांच्यासाठी मोठ्यांचे विषय चित्रांतून येत गेले. कात्सुहिरो ओतोमो यांनी आपल्याच मांगावरून १९८८ मध्ये 'अकिरा' केला, तेव्हा चित्रांतून राजकारण आणि हिंसा बघायला तयार असलेला प्रौढ प्रेक्षक समोर होताच. अमेरिकेत उलट झालं. 'फँटासिया'सारखा प्रयोग डिस्नेने १९४० मध्येच केला होता, पण तेव्हा तो तोट्यात गेला, आणि पुढे टीव्हीवरच्या कार्टूनमुळे हा प्रकार मुलांचाच असं पक्कं होऊन बसलं.

दुसरं कारण पैसा. २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'ला सुमारे २ कोटी डॉलर लागले, त्याच वर्षीच्या पिक्सारच्या 'मॉन्स्टर्स, इंक.'ला ११ कोटींहून जास्त. एवढा खर्च वसूल करायचा तर अख्खं कुटुंब थिएटरात यायला हवं आणि कुणी मध्येच कंटाळायला नको. 'स्पिरिटेड अवे'चे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी स्टोरीबोर्ड (चित्रपटाचा दृश्यागणिक कच्चा चित्र-आराखडा) स्वतःच्या हाताने काढतात आणि शेवट ठरायच्या आधीच काम सुरू करतात. पिक्सारमध्ये कथा अनेक जणांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा तावून सुलाखून निघते. ही पद्धत वाईट नाही. 'टॉय स्टोरी २' जेमतेम नऊ महिने हातात असताना जवळजवळ नव्याने रचला गेला आणि उत्तम झाला. पण अननसाचा प्रसंग अशा बैठकीत टिकला असता असं मला वाटत नाही.

शांततेचंही तसंच. मियाझाकींचा १९८६ चा 'कॅसल इन द स्काय' दोन तासांचा आहे आणि मूळ चित्रपटात संगीत साधारण तासभरच आहे. डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीसाठी संगीतकार जो हिसाइशी यांच्याकडून ते वाढवून घेतलं, दीड तासापर्यंत. जिथे फक्त वारा ऐकू यायचा तिथे वाद्यवृंद आला. संगीत उत्तमच आहे, पण माझ्या लेखी चित्रपटाचं त्यात नुकसान झालं.

आता दुसरी बाजू, कारण तुलना करताना लोक हमखास घोळ करतात: जपानचं सर्वोत्तम घेतात आणि अमेरिकेचं सरासरी. जपानमधली बहुतांश निर्मिती मालिका आणि खेळणी खपवणारी, ठरावीक साच्याची असते आणि चित्रं काढणाऱ्यांना मोबदला तुटपुंजा मिळतो. (दूरदर्शनवर आपण पाहिलेला मोगलीही मूळचा जपानीच. ती मालिका चांगली होती, पण म्हणून सगळंच तसं नसतं.) उलट 'वॉल-ई'चा पहिला भाग जवळपास संवादांशिवाय चालतो, तोही कोट्यवधींच्या अमेरिकन चित्रपटात. आणि २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवखा स्पायडर-मॅन माइल्स सेकंदाला बाराच चित्रांत हलतो आणि मुरलेला पीटर चोवीस चित्रांत, त्यामुळे पोराचं अडखळणं चक्क गतीतच दिसतं. ही कुठल्याही जपानी चित्रपटाच्या तोडीची कल्पना आहे.

सुरुवातीसाठी मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' बघा, घरात मुलं असतील तर त्यांच्यासोबत. ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' जपानमध्ये १९८८ साली याच चित्रपटासोबत जोडीने लागला होता, पण तुम्ही दोन्ही एका दिवशी बघू नका. दुसरा युद्धावरचा आहे आणि झेपायला फार जड आहे. ताकाहाता स्वतः नवव्या वर्षी ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. तिसरा सातोशी कोन यांचा 'टोकियो गॉडफादर्स': नाताळच्या रात्री तीन बेघर माणसांना कचऱ्यात बाळ सापडतं. एवढं आवडलं तर मग 'ओन्ली यस्टरडे'. आणि सर्वांत शेवटी ताकाहातांचा २०१३ चा 'प्रिन्सेस कागुया', ज्याला आठेक वर्षं आणि सुमारे ५ अब्ज येन लागले आणि तरी तो तिकीटबारीवर चालला नाही. त्यात राजकन्या मेजवानीतून पळत सुटते तेव्हा अंगावरची वस्त्रं एकेक गळत जातात आणि चित्रातली रेषाच कोळशाने ओरबाडल्यासारखी होते. तेवढा भाग मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला तर सोडू नका. आणि सगळे चित्रपट जपानी आवाजात, सबटायटल्स लावून बघा.