पडीक भूखंडावर भाजीपाला पिकवून वस्तीचा विकास होतो का?

आपल्या वस्तीत राडारोडा पडलेला एक रिकामा भूखंड आहे आणि तेथे भाजीपाला पिकवून तो वस्तीतच विकला, तर रोजगार, आहार आणि लोकांमधील जवळीक या तिन्ही गोष्टी साधतील का, असे आपण विचारले आहे. एका सामूहिक बागेच्या समितीत काही वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की जवळीक साधते, आहारात थोडी भर पडते, रोजगाराची मात्र फार आशा धरू नये. आणि या तिन्हींच्या आधी जमिनीचा प्रश्न येतो, ज्याचा आपल्या प्रश्नात उल्लेखच नाही.

प्रथम उत्पादनाविषयी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुमारे २ कोटी परसबागा होत्या आणि देशातील ताज्या भाज्यांपैकी जवळपास ४० टक्के त्यांतून येत असाव्यात, असा अंदाज नेहमी दिला जातो. पण त्यामागे युद्धकाळातील सरकारी मोहीम होती आणि अनेक घरांना स्वतःचे अंगण होते. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथून येणारे इंधन आणि रासायनिक खते मिळेनाशी झाली, तेव्हा क्युबातील हवाना शहराने मोकळ्या जागांवर कंपोस्टने भरलेले वाफे घालून भाजीपाल्याची मोठी गरज शहरातच भागवली. तरीही धान्यासाठी तो देश आयातीवरच अवलंबून राहिला. शहरातील अपुऱ्या जागेत लवकर तयार होणाऱ्या आणि लवकर नासणाऱ्या भाज्या परवडतात, धान्य परवडत नाही, हे हिशेबाच्या सुरुवातीलाच मान्य केलेले बरे.

पडीक जागा सुधारल्याने आसपासच्या लोकांचे मन हलके होते, याला मात्र चांगला पुरावा आहे; जवळीक त्यापुढे येते. फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक भूखंडांचा एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या काही भूखंडांवरील कचरा काढून तेथे गवत आणि थोडी झाडे लावण्यात आली व बुटके लाकडी कुंपण घालण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये खिन्न वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, ज्यांच्याजवळचे भूखंड तसेच सोडले होते त्यांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. यात भाजीचे एक रोपही नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण केवळ जागेची निगा राखल्यानेही बराच लाभ होतो. भाजीपाल्याने त्यात भर पडते ती हजेरीची: गवत आठवडाभर थांबते, पण कोवळ्या रोपांना पाणी देणे थांबत नाही, म्हणून पाळ्या लावाव्या लागतात आणि एरवी एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्या माणसांना रोज भेटावे लागते. आमच्या समितीतील सर्वांत कडाक्याची भांडणे पाण्याच्या नळीवरून आणि न विचारता तोडून नेलेल्या फळभाज्यांवरून झाली. ती मिटवण्याची सवय झालेल्या त्याच माणसांनी पुढे बंद पथदिव्यांच्या तक्रारीचा पाठपुरावा केला.

आता जमिनीकडे येतो. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी कचऱ्याने भरलेला एक भूखंड साफ करून तेथे बाग केली आणि पुढच्याच वर्षी महापालिकेने तो महिना १ डॉलर भाड्याने दिला. अशा बागा शहरभर झाल्या, आसपासच्या वस्त्या राहण्याजोग्या झाल्या, जमिनीचे भाव चढले आणि १९९९ मध्ये शहर प्रशासनाने ११४ बागांच्या जागा लिलावात काढायचे ठरवले. दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. लॉस एंजेलिसमध्ये हेही झाले नाही. १९९२ च्या दंगलींनंतर तेथील सुमारे १४ एकरांवर साडेतीनशेच्या आसपास कुटुंबे शेती करू लागली होती. २००३ मध्ये महापालिकेने ती जमीन पूर्वीच्या मालकाला विकली आणि २००६ मध्ये पोलिसांनी सर्वांना बाहेर काढले. बाग जितकी यशस्वी, तितकी तिच्याखालची जमीन विकण्याचा मोह मोठा, हा या कामातील सर्वांत अवघड पेच आहे. अर्जेंटिनातील रोसारिओ शहराने २००१ च्या आर्थिक संकटानंतर शहरी शेतीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा बी-बियाणे देऊन न थांबता जमिनीचा वापर आणि विक्रीची जागा यांचीही सोय महापालिकेने केली, आणि तो इतकी वर्षे टिकला याचे कारण मी त्यातच पाहतो. म्हणून बियाणे घेण्यापूर्वी भूखंड कोणाच्या नावावर आहे ते शोधा, निदान ५ वर्षांचा लेखी करार करा आणि जागा परत मागितली गेल्यास उभे पीक निघेपर्यंत मुदत मिळेल असे कलम त्यात घाला.

मातीची तपासणी टाळू नका. जुन्या इमारतींचा रंग आणि पूर्वीचे शिसेयुक्त पेट्रोल यांमुळे शहरातील मातीत शिसे साठलेले असते. ते लहान मुलांना विशेष घातक असून, पालेभाज्यांना चिकटलेल्या मातीतून आणि कंदमुळांतून ते पोटात जाण्याचा धोका फळभाज्यांपेक्षा अधिक असतो. शंका असल्यास बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करावेत.

पैशाबाबत अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील शेतकरी विल ॲलन यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. त्यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली शहरी शेतीची संस्था जगभर नावाजली गेली, २००८ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतील मानाचा सन्मान मिळाला, आणि तरीही २०१७ मध्ये ती संस्था कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडली. त्यापेक्षा जपानमध्ये १९७० च्या दशकात रूढ झालेली तेइकेई पद्धत लहान बागेला अधिक मानवते. तीत ग्राहक कुटुंबे शेतकऱ्याशी थेट बांधून घेतात आणि जे पिकेल ते स्वीकारतात. आपल्याकडे सुरुवातीला आगाऊ पैसे देणारी आठ-दहा कुटुंबे पुरतील, परंतु पीक बुडाल्यास ते पैसे परत मिळणार नाहीत, हे त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.