पहिलं संपादन परतवलं गेलं म्हणून थांबू नकोस

तुझं विकिपीडियावरचं पहिलं संपादन कुणीतरी परतवलं, म्हणजे लेख पुन्हा आधीसारखा केला, ते पाहिलं. वाईट वाटणं साहजिक आहे, पण तुझं लिखाण कुठेही गेलेलं नाही. लेखाच्या वरचा ‘इतिहास’ उघड. तुझी आवृत्ती तारीख-वेळेसकट तिथे जशीच्या तशी आहे, आणि परतवणाऱ्याने शेजारी कारणही लिहिलंय: ‘संदर्भ नाही’. तू घातलेली जन्मतारीख बरोबर असेलही. पण वाचणाऱ्याला ती पडताळता आली पाहिजे. पुस्तकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक दे आणि पुन्हा टाक.

तोच बदल परत परत करून झुंजत मात्र बसू नकोस. लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे त्या लेखाबद्दल बोलायच्या पानावर, दोन ओळींत म्हणणं मांड आणि शेवटी चार टिल्ड (~~~~) दे. तुझं नाव आणि वेळ आपोआप उमटते. निनावी मजकूर कुणाचा, हे शोधण्यात सगळ्यांचाच वेळ जातो.

साचे (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार चौकटी), वर्ग (लेखांची विषयवार विभागणी) हळूहळू जमतील. प्रयोगाला धूळपाटी हे सरावाचं पान आहे, अडलं तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचार. दुसरीकडचा मजकूर उचलून चिकटवणं तेवढं कधीच नको. प्रताधिकाराचा भंग होतो आणि तो मजकूर काढला जातो.

नवा लेख लिहायची घाई नको. ओळखीच्या विषयावरचा एखादा छोटा लेख घे, एक वेलांटी सुधार, एक दुवा जोड, बदलाच्या सारांशात ‘शुद्धलेखन’ एवढं लिही. अशा छोट्या कामांतूनच माणसं एकमेकांना ओळखू लागतात, आणि मला इथलं तेच सगळ्यात जास्त आवडतं.

आधी तो जन्मतारखेचा संदर्भ घाल. मी चर्चापानावर आहेच.