नोंदणीचा नियम बदलण्याचा अधिकार कोणाचा?

प्रश्न : आमच्या राष्ट्रीय श्वान मंडळाच्या कार्यकारिणीने, आई-वडिलांच्या आरोग्य-तपासणीचा दाखला नसेल तर पिल्लांची वंशनोंदणी करायची नाही, असा ठराव सभासदांना न विचारता संमत केला. तो आपल्या अधिकारात बसतो, असे कार्यकारिणीचे म्हणणे आहे. एवढा मोठा बदल सर्वसाधारण सभेपुढेच यायला हवा होता, असे जुने पैदासकार म्हणतात. बरोबर कोण?

उत्तर : निर्णय चांगला आहे की वाईट आणि तो योग्य ठिकाणी झाला की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपल्या पत्रात ते एकमेकांत मिसळले आहेत. दुसऱ्याचे उत्तर मंडळाच्या घटनेत शोधावे. नोंदणीची नियमावली दुरुस्त करण्याचा अधिकार घटनेने कार्यकारिणीला दिला असेल, तर ठराव वैध आहे. नोंदणीच्या अटी घटनेतच लिहिलेल्या असतील, तर घटनादुरुस्तीची रीतसर सूचना, गणपूर्ती आणि ठरलेले बहुमत यांवाचून तो टिकणार नाही. घटना याबाबत गप्प असेल (जुन्या संस्थांच्या घटना बहुधा सोयीच्या ठिकाणीच गप्प असतात), तर विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करणे हाच सरळ मार्ग होय.

सर्व सभासदांचे मत घेणे हाच लोकशाहीचा एकमेव प्रकार, असेही समजू नये. १८८४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन केनेल क्लबमध्ये व्यक्ती सभासदच नसतात; सभासद असतात ते क्लब, आणि त्यांचे प्रतिनिधी मतदान करतात. हे प्रतिनिधित्व स्त्रियांना १९७४ पर्यंत मिळत नव्हते, म्हणजे तोवरचे प्रत्येक बहुमत नेमके कोणाचे होते, हेही विचारायला हवे. जातीच्या मानकात (म्हणजे त्या जातीचा कुत्रा कसा असावा, याच्या लेखी वर्णनात) बदल सुचवण्याचे काम तेथे त्या जातीच्या राष्ट्रीय क्लबकडे असते आणि मंजुरी मध्यवर्ती मंडळ देते. १९११ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघात तर मानक जातीच्या मूळ देशाचे मानले जाते.

मात्र केवळ अधिकार असून भागत नाही, हे डाल्मेशियनच्या प्रकरणावरून दिसते. या जातीत मूत्रातील यूरिक आम्लाचे प्रमाण जन्मजात जास्त असते आणि त्यामुळे, विशेषतः नरांमध्ये, मूतखडे होतात. दोष जवळजवळ संपूर्ण जातीत पसरलेला असल्यामुळे जातीच्या आत निवड करून तो काढणे शक्य नव्हते. म्हणून अमेरिकेत १९७३ साली एकदाच पॉइंटर जातीशी संकर करण्यात आला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या गेल्या. त्यांतील दोन कुत्र्यांची १९८१ साली नोंदणीही झाली. पण जातीच्या क्लबमधील सभासदांचा विरोध उसळला, नोंदणी थांबली आणि ती पुन्हा खुली व्हायला २०११ साल उजाडले. रक्त शुद्ध राखण्याच्या हट्टापायी मधल्या काळात किती कुत्र्यांना खड्यांचा त्रास सोसावा लागला असेल, याचा विचार अस्वस्थ करतो. बहुमताने जनुके बदलत नाहीत हे खरे. पण सभासदांची तयारी न करता वरून लादलेला योग्य निर्णयही उलटवला जातो, हे तितकेच खरे.

म्हणून आपल्या कार्यकारिणीचा हेतू मला पटतो, तिची पद्धत पटत नाही. तपासणी कोणत्या विकारांची, दाखला कोणी द्यायचा, आधीच झालेल्या मिलनांतून जन्मणाऱ्या पिल्लांचे काय, याचा मसुदा आधी सभासदांकडे पाठवून हरकती मागवायला हव्या होत्या आणि ठरावाची कारणे इतिवृत्तात नोंदवायला हवी होती. आपण आता इतिवृत्ताची प्रत लेखी मागावी. विशेष सभा मागितलीत, तर ठराव रद्द करण्याऐवजी अंमलबजावणीची तारीख आणि वरील तपशील निश्चित करण्याचा प्रस्ताव मांडावा; नुसत्या विरोधापेक्षा त्याला पाठिंबा मिळणे सोपे जाईल.

प्रश्न : कार्यकारिणीतील एक सदस्य स्वतः पैदासकार व परीक्षक आहेत. त्यांच्याच विरुद्धच्या तक्रारीच्या सुनावणीला ते बसू शकतात का?

उत्तर : नाही. श्वान मंडळात पैदासकार, प्रदर्शक आणि परीक्षक बहुधा तीच ती माणसे असतात, त्यामुळे हितसंबंध असणे हा दोष नव्हे. ते लपवणे हा दोष आहे. संबंधित सदस्याला आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी द्यावी, परंतु चर्चा आणि मतदान सुरू होण्यापूर्वी त्याने सभागृह सोडावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.