नागपुरात नाटक करणारे ग्रुप नेमके किती प्रकारचे आहेत?

भाऊ, प्रकार बरेच आहेत. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी उभ्या राहणाऱ्या हौशी संस्था, कॉलेजची एकांकिकावाली पोरं, आंबेडकरी रंगभूमीवाले, हिंदी नाटकवाले, आणि बालनाट्यवाले तर वेगळेच. हौशी लोकं दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येतात, सेट पण स्वतःच उचलतात, मला त्यांचं लई कौतुक वाटते.

पण खरी मजा पाहायची असेल तर दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठा, तिथं झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगल भागाच्या रंगभूमीच्या, नाटक कंपन्यांचे ऑफिसं आहेत आणि होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटक चालते, तिकीट काढून हजारो लोकं येतात, नागपूरचे कितीतरी कलाकार त्या सीझनला तिकडेच असतात. नागपूर शहरात नाटक पाहायचं असेल तर सायंटिफिक सभागृहापासून सुरुवात करा.