मॅकच्या मेन्यू बारमध्ये तुम्ही कायम काय ठेवता? आणि पैसे कशावर खर्च करावेत?

तुम्ही निपाणीचे, नवा मॅकबुक एअर घेतलाय आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत लिहावं लागतं, असं तुम्ही प्रश्नात सांगितलंय. माझंही काम असंच आहे. बेळगावात शहापूर भागात डीटीपी (संगणकावर छपाईची मांडणी) आणि भाषांतर करतो. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिसा आणि कन्नडमधले उतारे-दाखले मराठीत करून देणं. त्यामुळे माझ्या मेन्यू बारमध्ये, म्हणजे पडद्याच्या वरच्या पट्टीत, काय आहे ते सांगतो, तुमच्या कामाला ते बऱ्यापैकी लागू पडेल.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोष्ट कुठूनही डाउनलोड करावी लागत नाही. ती म्हणजे इनपुट मेन्यू. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, इनपुट सोर्समध्ये देवनागरी आणि कन्नड जोडा, आणि हा मेन्यू वरच्या पट्टीत दिसू दे अशी जी खूण आहे ती चालू करा. कंट्रोल आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते आणि सध्या कोणती चालू आहे ते वर चिन्हात दिसतं. त्याच ठिकाणी आणखी एक खूण आहे, ती बहुतेक जण बघतच नाहीत: डॉक्युमेंटप्रमाणे भाषा आपोआप बदलण्याची. ती चालू केली की कन्नड अर्जाच्या खिडकीत गेल्यावर कन्नड येतं आणि मराठी मसुद्यात परतल्यावर मराठी. दिवसभर दोन्ही खिडक्यांत ये-जा करणाऱ्याला यासारखं सुख नाही.

कीबोर्डची मांडणी निवडताना क्वर्टी (इंग्रजी अक्षराच्या उच्चाराप्रमाणे चालणारी) घ्यावी की साधी, हा प्रश्न पडेल. मी साधी घ्या म्हणेन. ती इनस्क्रिप्ट पद्धतीची आहे, आणि इनस्क्रिप्टमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच जागी बसवली आहेत. के या कळीवर मराठीत क, कन्नडमध्येही क. सी वर म, शिफ्ट-सी वर ण. एन वर ल आणि शिफ्ट-एन वर ळ, दोन्हीकडे. ही मांडणी 1991 च्या भारतीय प्रमाणातच आहे. एकदा बोटं मराठीला बसली की कन्नडची निम्मी मेहनत वाचते. आपल्या भागात शाळेत दोन्ही लिप्या ओळखीच्या झालेल्या असतात, फक्त टायपिंगच्या वेळी माणूस अडतो. तिथे हे फार कामाला येतं.

एक जागा मात्र सांभाळा. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे आहेत, तसेच ओ सुद्धा. मराठीची मात्रा एस कळीवर आहे आणि कन्नडमध्ये त्याच कळीवर दीर्घ ए येतो. ऱ्हस्व ए झेडवर आहे. बेळगावच्या कन्नड नावात पहिल्याच ब ला ऱ्हस्व ए आहे, म्हणजे मराठी सवयीच्या बोटाने लिहिलं तर पहिलंच अक्षर चुकतं, तेही अर्जाच्या पत्त्यात. सुरुवातीचे काही दिवस इनपुट मेन्यूतूनच कीबोर्ड व्ह्यूअर उघडून स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवा. कोणत्या कळीवर काय आहे ते दिसत राहतं आणि शिफ्ट दाबलं की वरची अक्षरं दिसतात.

दुसरं म्हणजे क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेल्या मजकुराचा, इतिहास ठेवणारं ॲप. मी मॅकी वापरतो. त्याचा कोड खुला आहे, गिटहब या कोडच्या साइटवरून फुकट मिळतं, ॲप स्टोअरवर घेतलं तर थोडे पैसे पडतात. एखाद्या कन्नड उताऱ्याचं काम समजा: सर्व्हे नंबर, खातेदाराचं नाव, गाव, क्षेत्र, हे सगळं मूळ पीडीएफमधून एकामागून एक कॉपी करत जायचं. मग मराठी मसुद्यात येऊन शिफ्ट-कमांड-सी दाबायचं, यादी उघडते, दोन अक्षरं टाइप केली की हवी ती ओळ वर येते. ऑप्शन धरून एंटर दाबलं की ती थेट पेस्ट होते. शिफ्ट आणि ऑप्शन दोन्ही धरले तर मूळचा फॉन्ट आणि रंग न येता नुसता मजकूर येतो, आणि डीटीपीवाल्याला तेच हवं असतं. आकड्यात एक अंक इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईकाला पुन्हा चकरा माराव्या लागतात, म्हणून आकडे हाताने टाइप करणं मी बंदच केलंय. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली असतील तर मात्र आधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या. तो मजकूर नुसता पेस्ट केला की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात.

क्लिपबोर्डच्या ॲपबद्दल काळजीची गोष्टही आहे. तुम्ही कॉपी केलेला प्रत्येक ओटीपी, आधार नंबर, खाते नंबर त्याच्या यादीत जमा होतो. पासवर्ड मॅनेजरने गुप्त म्हणून खूण केलेला मजकूर मॅकी घेत नाही, पण व्हॉट्सॲपमधून आलेला आधार नंबर त्याला साधा मजकूरच वाटतो. ऑप्शन धरून मॅकीच्या चिन्हावर क्लिक केलं की नोंद थांबते. लोकांची कागदपत्रं हाताळत असाल तर ही सवय लावून घ्याच, आणि संध्याकाळी यादी पुसून टाका. लोक विश्वासाने कागद देतात.

लाइटचा विषय तुम्हाला वेगळा सांगायला नको. पावसाळ्यात खानापूरकडे तर गेलेली कधी येईल याचा नेम नसतो. मॅक बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंग बऱ्याचदा 80 टक्क्यांच्या आसपास थोपवून धरतो. बॅटरीसाठी ते चांगलं, पण आभाळ भरून आलंय आणि रात्रीत पत्रिका प्रेसला पाठवायचीय, तेव्हा 80 पुरत नाहीत. चार्जिंग असं थोपलेलं असेल तेव्हा बॅटरीच्या चिन्हावर क्लिक करा, तिथे लगेच पूर्ण चार्ज करण्याचा पर्याय दिसतो. तिथेच कोणतं ॲप जास्त बॅटरी खातंय तेही लिहिलेलं असतं. चार्जिंग कायमचं 80 वर अडवणारी वेगळी ॲप्स आहेत, अलडेंटे त्यातलं नावाजलेलं. इन्व्हर्टर असलेल्या घरात जरूर वापरा. आमच्या दुकानासारख्या ठिकाणी मी ते ठेवत नाही.

इंटरनेट मोबाइल हॉटस्पॉटवर असेल तर ट्रिपमोड. याला पैसे पडतात आणि ते मोजण्यासारखे आहेत. हॉटस्पॉट जोडला की कोणत्या ॲपला नेट द्यायचं ते तुम्ही ठरवता, बाकीचं फोटो सिंक आणि अपडेट गप्प बसतं. कोल्हापूरच्या प्रेसला मोठी पीडीएफ चढवताना सगळा वेग त्या एकाच फाइलला मिळतो. अशा वेळी मॅक झोपू नये म्हणून कीपिंगयूअवेक चालू करतो. फुकट आहे, बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली गेली की स्वतः बंद होण्याची सोय त्यात आहे. बाहेरचा मॉनिटर जोडलेला नसताना झाकण मिटलं तर मॅक झोपतोच, ते लक्षात ठेवा.

इट्सीकॅल हे छोटं कॅलेंडर आहे, फुकट, क्लिक केलं की महिना उघडतो. मॅकच्या कॅलेंडरमधल्या नोंदी त्यात दिसतात, म्हणून मी कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या सुट्ट्या वेगळ्या रंगात भरल्या आहेत. 1 नोव्हेंबरला इकडची कार्यालयं बंद, कोल्हापूर चालू. 19 फेब्रुवारीला उलट. डिलिव्हरीची तारीख कबूल करण्याआधी एकदा तिथे नजर टाकतो.

खिडक्या शेजारी शेजारी लावायला रेक्टँगल चांगलं आहे, पण 2024 च्या मॅकओएस सिक्वोयापासून मॅकमध्येच ती सोय आली. आधी तीच वापरून बघा.

आता जागेचं. तुमच्या एअरला वर कॅमेऱ्याची खाच असेल तर चिन्हं जास्त झाली की ती खाचेमागे जातात आणि मॅक तसं सांगतही नाही. ॲप चालू आहे पण दिसत नाही, असं झालं तर कारण बहुधा हेच. कमांड धरून चिन्हं ओढून रोजची उजवीकडे घ्या. चिन्हं लपवणारी ॲप्स आहेत: बार्टेंडर, आइस, हिडन बार. त्यांतल्या काहींना स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी लागते, म्हणजे तुमच्या पडद्यावरचं सगळं ती बघू शकतात. 2024 मध्ये बार्टेंडरची मालकी बदलली आणि वापरणाऱ्यांना ते आधी सांगितलंच नव्हतं, त्यावरून मोठी नाराजी झाली होती. मला विचाराल तर परवानगी मागणारं ॲप खुल्या कोडचं असावं, आणि त्याहून बरं म्हणजे चिन्हंच कमी ठेवावीत. मॅकओएस 26 मध्ये तर सेटिंग्जमध्येच मेन्यू बारचं पान आलंय, नको असलेल्या ॲपचं चिन्ह तिथूनच बंद होतं. सीपीयू, तापमान, हवामान दाखवणारी चिन्हं मी काढून टाकली, रोज बघूनही त्यातून काही निर्णय घ्यायचा नसतो.

घरी किंवा दुकानात एखादा विंडोजही असेल, तर तिथे विंडोज आणि व्ही दाबा. क्लिपबोर्डचा इतिहास 2018 पासून त्यातच आहे, फक्त पहिल्यांदा चालू करावा लागतो. भाषा विंडोज आणि स्पेसने बदलते, आणि मराठी-कन्नडचे इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथेही मिळतात. मॅकवर बसलेली बोटं तिथेही चालतात.

तेव्हा आज फक्त इनपुट मेन्यू लावा आणि मॅकी टाका. ट्रिपमोडचे पैसे हॉटस्पॉटवर काम करायची वेळ आली तरच द्या. इनस्क्रिप्टमध्ये एखादं जोडाक्षर अडलं तर खाली विचारा, कळी सांगतो.